काटा

आमच्या धंद्यात पहिली गोष्ट शून्य.
ताट रिकामं, पंखा बंद,
आकडा थरथरत थरथरत खाली येतो,
मग वजन ठेवायचं.
सकाळची प्रार्थना मी तशीच करतो,
म्हणजे करायला बघतो.
शून्य व्हायच्या आत
कोणीतरी शटर वाजवतं.

सोमवारी झुंबरशेठ आला.
नंदुरबारात मिरचीचा सीझन, सगळं गाव शिंकत होतं,
पथारींवरून ठसका थेट बाजारात.
शेठने काटा टेबलावर ठेवला, आवाज खाली घेतला:
"एनोसभाऊ, चाळीसला एकोणचाळीस.
तुनं काय जास?"
आणि नोटा अशा ठेवल्या
की माझा पेचकस उचलायला
आधी त्याच उचलाव्या लागाव्यात.

प्रिस्काच्या नर्सिंगची फी शुक्रवारी भरायची होती.
प्रभू, तुला ते माहीत होतं,
म्हणून मी सांगत बसलो नाही.
एवढंच म्हणालो: शहाणपण दे.
खरं तर मागत होतो युक्ती.
नाही म्हणता यावं
आणि गिऱ्हाईकही टिकावं,
अशी एखादी.

बुधवारच्या प्रार्थनेत वडील गुलाबसिंग
कोणाच्या म्हशीसाठी, कोणाच्या बोअरसाठी,
धडगावच्या रस्त्यासाठी विनवत राहिले.
मी डोळे मिटून हिशेब केला.
घरी येताना सुवार्ता म्हणाली,
"आमेन तुम्ही फार लवकर म्हटलंत."
बाकी काही विचारलं नाही.
भाकरीवर लसणाची चटणी वाढली, तांब्या ठेवला,
आणि माझ्याकडे न बघता जेवली.

गुरुवारी दुपारी
तोरणमाळकडून उतरलेली एक बाई,
पाठीला झोळी, झोळीत लेकरू.
हे दुरुस्तीचं दुकान आहे हे तिला ठाऊक नव्हतं,
तिला फक्त काटा दिसला.
"अंगणवाडीनी बाई सांगत नही. तू सांग."

टेबलावर शेठचाच काटा.
मी ताट पुसलं, फडकं पसरलं,
पंखा बंद केला. थांबलो.
शून्य.

चार किलो सहाशे.
लेकरू आठ महिन्यांचं.

तेव्हा मला खोटं बोलावंसं वाटलं.
शपथ घ्यायची नसते, तरी घेतो:
पैशासाठी नाही, तिच्या तोंडाकडे बघून.
सहा म्हणालो असतो
तर हसत डोंगर चढली असती.

"खरं सांगजो भाऊ, मी रडाव नही."

मी सांगितलं.
ती रडली.
मग नाक पुसून झोळी घट्ट बांधली
आणि विचारलं, सरकारी दवाखाना कोणत्या बाजूला.
मी शटर ओढलं, रिक्षा थांबवली.

वाटेत कुठली वाणी झाली नाही.
मी चुकून मिरचीच्या हाताने डोळा चोळला
आणि सिव्हिलपर्यंत एका डोळ्याने रस्ता पाहिला.
आमच्या भाषेत तोलतो तोही काटाच,
रुततो तोही.
तुझ्या कपाळावरचे कोणते होते?

शेठचा काटा जसा आला तसा परत दिला,
नोटा वर ठेवून.
तो रागावला नाही, हसला.
"दुसरा करी देई."
करून देईल. मी काही बाजार सुधारायला निघालो नाही.
फी भरलेली नाही.
प्रिस्काने पंधरा दिवस मागून घेतलेत,
आणि फोनवर तिचा आवाज
मला हवा होता त्याहून शांत आहे.

रविवारी उपासनेनंतर वॉर्डात गेलो.
तिथला बाळांचा काटा नव्वद ग्रॅम जास्त दाखवत होता.
फुकट नीट करून दिला.
लगेच कागदावर तिच्या लेकराचं वजन
तेवढंच घसरलं.

तिने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, हे खरं आहे बाई,
आता इथून वाढेल.

पहिलं वाक्य काट्याचं होतं.
दुसरं मात्र
मी तोलून बोललो नव्हतो.